बोटभर पाण्याचं कासव

आमच्या घराण्यात कासवांबद्दल काही विचारायचं असलं तर मला विचारतात. विचारणारी तशी एकच आहे, माझी धाकटी नणंद. पण ती एवढ्या विश्वासाने विचारते की बाकीचेही मान डोलावतात. हा मान मी कसा मिळवला, ते मी अठ्ठेचाळीस वर्षं कोणाला कळू दिलं नव्हतं.

तिचा फोन आला तो नळाचा दिवस होता. बुलढाण्यात आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो. त्या दिवशी घरातलं प्रत्येक भांडं अंगणात उभं असतं आणि मीही. मोबाइल खांदा आणि कानात दाबून मी टाकीत पाइप सोडत होते.

"काय वो वहिनी, पाणी भरून राह्यली का?"

"भरून राह्यली. बोल लवकर, नळ जाईल."

"मले कासव पाळायचं हाये. कोणतं घेऊ?"

पाइप माझ्या हातातून सुटला आणि साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मी म्हटलं, "कासव? काऊन?"

ताई मलकापूरला शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. मे महिन्याअखेर ती निवृत्त होणार होती, आणि निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न तिला दोन वर्षांपासून पडलेला. कुत्रा नको, कुत्रा बारा-चौदा वर्षांत जातो. मांजर त्याहून लवकर जातं नाहीतर दुसऱ्याच्या घरी राहायला जातं.

"आई गेली, बाबा गेले," ती म्हणाली. "आता मले घरात मरणारं काही नको वहिनी. माझ्याआधी जाणार नाई असं काहीतरी पायजे. आन तुले तर अनुभव हाये. आपलं विहिरीतलं तूच तर सांभाळलं."

मी म्हटलं, "नळ गेला, ठेवते." नळ गेला नव्हता. चांगला तास-दीड तास चालला. मी मात्र त्या दिवशी दोन टोपली भांडी रिकामीच आत नेली आणि संध्याकाळी प्यायला पाणी कमी पडलं तेव्हा आमच्या ह्यांचं बोलणं ऐकून घेतलं.

आता ती विहीर.

लग्न होऊन मी धाडजवळच्या शेतातल्या घरी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते आणि जगातलं सगळं मला ठाऊक होतं. माझं माहेर मेहकरकडचं, पैनगंगेच्या काठचं. माझं प्रत्येक दुसरं वाक्य "आमच्या माहेरी" असं सुरू व्हायचं. आज अशी सून कोणाकडे दिसली की मला तिच्या सासूची दया येते.

ताई तेव्हा दहा वर्षांची. नाक सदा वाहतं, एका वेणीची रिबीन सुटलेली. पण नणंद ती नणंद, त्यामुळे त्या नाकवाहतीला मी "अहो ताई" म्हणायचं असा सासूबाईंचा दंडक. आता 'अहो' गेलं, 'तू' आलं, 'ताई' तेवढं राहिलं. तिच्याजवळ एक कासव होतं. सासरे कापूस घेऊन मलकापूरला जात, तिथे आंध्राकडून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने त्यांना ते दिलं होतं. तळहाताएवढं. काळी पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, कोणी बसून रांगोळी घातल्यासारख्या. ताई ते फ्रॉकच्या ओच्यात घेऊन हिंडायची. मेथी, अंबाडीचं फूल, जे मिळेल ते त्याच्या तोंडाशी धरायची, आणि ते दहा मिनिटं विचार करून एक घास घ्यायचं.

त्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यात लाल किडे झाले. सासूबाई दुहेरी फडक्यातून पाणी गाळून गाळून वैतागल्या होत्या. मी म्हटलं, "आमच्या माहेरी विहिरीत कासव हाये, किडे कधी दिसत नाईत."

सासूबाई म्हणाल्या, "मंग आण माहेरहून."

ते मला लागलं. माहेरहून कशाला, घरात कासव होतंच की. विहिरीत कासव सोडायची रीत आमच्याकडे खरीच होती. नदीतलं असायचं, चपट्या काळपट पाठीचं, बादली पडली की बुडी मारणारं. पण कासवात कासव वेगळं असतं हे त्या मॅट्रिक पास बाईला कोणी शिकवलं नव्हतं. ताई शाळेत गेलेली. मी तिचं कासव बादलीत ठेवलं, दोर हळूहळू सोडला, पाण्याला बादली टेकली तशी तिरपी केली. त्याने मान लांब काढली. चारही पाय जोरजोरात मारायला लागलं. मला वाटलं, काय छान पोहतंय! मी काठावर उभं राहून टाळी वाजवली.

बाकी सगळं मी हसत सांगू शकते. ती टाळी नाही सांगता येत.

संध्याकाळी ताई रडली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, देवाच्या दारातही कासव असतं, तुझं आता सगळ्या घराचं पाणी राखतंय, पुण्याचं काम. आणि माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पाणी गोड झालं वो." मी फुगले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी मी पाण्याला गेले. ते वर आलं होतं. उलटं, पोट आकाशाकडे.

चार वेळा बादली टाकली तेव्हा कुठे ते बादलीत आलं. घरामागच्या कडुनिंबाखाली खुरप्याने खड्डा केला आणि हात धुऊन घरात आले. डोळ्यांत पाणी बिणी काही नव्हतं हो. डोक्यात एकच, सगळ्यांनी ते पाणी प्यायलंय, आता काय करू! मग मी सासूबाईंना सांगितलं, "आमच्या माहेरी कासव सोडल्यावर तिसऱ्या दिवशी शंभर बादल्या पाणी झाडांले घालतात. त्याबिगर कासव रमत नाई."

आमच्या ह्यांनी शंभर बादल्या ओढल्या. मोजून. मी वरून तुरटी टाकली. सासूबाईंना ती रीत इतकी पटली की धाडच्या बाजारात त्यांनी ती चार बायकांना सांगितली. त्या बाजूला अजून कोणी पाळत असेल, तर त्या घराची मी माफी मागते.

आणि ताईला काय सांगितलं? सांगितलं की ते दुपारीच वर येतं, तू शाळेत असतेस तेव्हा. मग सुट्टीत ती दुपारभर काठावर पालथी पडून राहायला लागली, तेव्हा सांगितलं की पाठीवर शेवाळ धरलं, आता चांदण्या दिसत नाहीत, पाण्याच्याच रंगाचं झालं. एकदा तिला सर्दी-ताप होता म्हणून लाडाने सांगितलं की आज दोन दिसली, बायको केली वाटतं. ती तापात हसली. त्या हसण्याने माझा घात केला. पुढे ती शिकायला बाहेर गेली तर पोस्टकार्डाच्या शेवटच्या ओळीत असायचं, 'कासव कसे आहे?' आणि मी उत्तरात लिहायची, 'मजेत.' दरवर्षी दिवाळीत शेतावर गेलं की ती मेथीची जुडी विहिरीत टाकायची. मी शेजारी उभी राहायची. अठ्ठेचाळीस जुड्या झाल्या असतील. नंतर आम्ही बुलढाण्यात घर बांधलं, शेत बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलं, मेथी चालूच.

तर अशी मी अनुभवी.

दर शनिवारी ताई एसटीने यायला लागली. बाई मास्तरीण असल्याने तिने वही केली होती. रेघा मारून रकाने: नाव, आकार, खाणं, पाणी, किती जगतं. मी चहा करताना, भाकरी थापताना ती वाचायची आणि मला मत विचारायची. मला तव्यावरचं उलटायचं सुचेना.

पहिल्यांदा मलकापूरच्या एका माशांच्या दुकानात गेलो. काचेच्या पेटीत रुपयाएवढी हिरवी कासवं एकमेकांवर चढत होती, कानामागे लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, "हेच न्या मावशी, नवीन माणसाले एकदम सोपं."

ताईने वही काढली. "मोठं केवढं होतं?"

"एवढंच राहते."

"खोटं बोलू नको बे, मी वाचून आली. ताटाएवढं होतं. पाणी किती दिवसांनी बदलायचं?"

तो म्हणाला, दोन दिवसांआड. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिच्याकडेही नळ आठ-दहा दिवसांनीच आणि कासवाची अंघोळ दोन दिवसांआड. माणसांनी मग काय करायचं? रकान्यावर फुली. शिवाय ती कासवं मोठी झाली की लोक कंटाळून तळ्यात सोडतात आणि इथल्या कासवांचं खाणं ती खातात, असं तिने तिथेच उभं राहून दुकानदाराला समजावलं. तो पेटीकडे बघत राहिला, कासवांना पहिल्यांदाच पाहिल्यासारखा.

निघताना तो हळूच म्हणाला, "चांदणीवालं पायजे का? आतून मिळते."

ताई दारात थांबली. मी तिच्या दंडाला धरलं. "कायदा हाये ताई. चांदणीवालं घरात ठेवलं तर गुन्हा हाये. जेलात जाशील, पेन्शन बुडेल."

कायदा खरा आहे. त्या कासवांची चोरटी विक्री फार होते म्हणून तो आहे आणि चांगला आहे. पण त्या दिवशी मी कायद्याच्या मागे लपले होते. ती पाठ मला पुन्हा पाहायची नव्हती.

लाल पायांचं एक असतं, त्याला दमट हवा लागते. आमच्याकडे मार्चमध्येच ओठ फुटतात. फुली. मग राहिलं एक आफ्रिकेचं, गवत खाणारं, उन्हात सुखी, पाणी थोडं. रकाने सगळे जमत होते, पण ते वाढून दोन माणसांनी उचलावं एवढं होतं. ताईच्या दुसऱ्या मजल्यावर ते ठेवायचं कुठे? वहीत तिथे प्रश्नचिन्ह.

शेवटी आमच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्या मुलाच्या वयाचा, शांत माणूस. त्याने सगळी वही वाचली आणि म्हणाला, "ताई, एवढा विचार गाय घेताना कोणी करत नाई." मग त्याने सांगितलं की कासव ओळखायचं ते पायांवरून. हत्तीसारखे खांब असतील तर जमिनीवरचं. बोटांना पडदा असेल तर पाण्यातलं. ताईने ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

"आधी कधी पाळलं होतं?" त्याने विचारलं.

"हाव तर! लहानपणी. पाठीवर पिवळ्या चांदण्या. मंग वहिनीनं विहिरीत सोडलं, तिथीच वाढलं."

डॉक्टरचा पेन थांबला. "विहिरीत?"

"विहिरीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होते. पुसून झाला होता, तरी पुसत होते. तो सभ्य माणूस, पुन्हा वही चाळायला लागला. पण ताई बोलली, "आपल्याचे पाय कसे होते वो वहिनी? खांबासारखे का?"

"मले काय आठवते. पन्नास वर्षं झाली."

"मले वाटते खांबासारखे." ती विचारात पडली. मग तिने वहीचं पान उलटलं आणि मला वाटलं सुटले. तिने विचारलं, "डॉक्टर, हे किती जगतात?"

"नीट ठेवलं तर साठ-सत्तर. काही शंभरपर्यंत."

ताईने पेन खाली ठेवला. तिचा चेहरा असा झाला की मी तो आधी एकदाच पाहिला होता, ती तापात हसली होती तेव्हा.

"मंग आपलं असनच ना वहिनी. मी वेडी, नवं शोधून राह्यली. आखाजीनंतर विहिरीचा गाळ काढणार हायेत ना? पाणी उपसलं की सापडन. घरी नाई ठेवत बापा, कायदा हाये. डॉक्टरले देऊन देऊ. पण एक डाव हातात तर घेऊ दे मले."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळच आली होती; गाळाला एकोणीस दिवस होते.

त्या एकोणीस दिवसांत मी काय काय केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहायलाच बसले आहे तर लिहिते. पहिले चार दिवस मी घर आवरलं. आवरलेलं पुन्हा आवरलं. लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायची, आत आणायची. पाचव्या दिवशी आमचे हे म्हणाले, "तुले बसवत नाई का? मुंग्या चावून राह्यल्या का?" मी म्हटलं, हो. गाळ काढायचं पुढे ढकला म्हणून मी त्यांच्या मागे लागले. मजूर महाग झालेत म्हटलं, ऊन फार आहे म्हटलं. ते म्हणाले, ऊन असतं म्हणूनच उन्हाळ्यात गाळ काढतात.

आणि नवव्या दिवशी मला युक्ती सुचली. मी माशांच्या दुकानात फोन केला. म्हटलं, ते आतलं चांदणीवालं, मोठं मिळेल का? तो म्हणाला, मिळते मावशी, पाच दिवस द्या. मी मनात सगळं बसवलं: आदल्या दिवशी शेतावर जायचं, पाणी उपसून झालं की कपारीत ठेवून द्यायचं, अंगाला थोडा गाळ फासायचा. सकाळी ताईला सापडेल. बस. सगळे खुश.

तरी एवढी अक्कल होती की डॉक्टरला विचारावं, ओल्या कपारीत एक रात्र कासव राहील का. मी विचारलं. 'एका बाईला विचारायचं होतं' असं म्हणून विचारलं.

त्याने हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाला, "काकू, पुन्हा?"

एवढंच. मी घरी आले, दारातल्या पायरीवर बसले. इतकी वर्षं मी त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीला हसत आले होते, तिची नक्कल करून नातवंडांना हसवत आले होते. आणि ती कुठेही गेली नव्हती. सदुसष्ट वर्षांची होऊन, गुडघ्याला पट्टा बांधून, तीच बादली हातात घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाली होती. फोन करून दुकानदाराला नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "माल निघाला मावशी." मी म्हटलं, "मंग मी पोलिसात जाते." त्याने फोन कापला. डॉक्टरला वन खात्याला कळवायला लावलं, ते मात्र खरंच लावलं.

पण ताईला सांगितलं नाही. रोज फोन हातात घेतला आणि ठेवला.

गाळाच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीने आली. हातात प्लॅस्टिकचं घमेलं, त्यात ओलं पोतं आणि मेथीची जुडी. इंजिन लावून पाणी आदल्या दिवशीच उपसलं होतं. काठावर गाळ वर ओढायची यारी बसवलेली. खाली दोन माणसं गाळ भरत होती, लोखंडी डोल वर येत होता आणि बाजूला रिकामा होत होता. ताईने पदर खोचला आणि गाळात हात घातला.

प्रत्येक डोल. ढिगात दोन्ही हात कोपरापर्यंत घालायची, चाचपायची, ढेकळं फोडून बघायची. फुटका तांब्या निघाला, एक चप्पल, सासूबाईंची हरवलेली किसणी. ती खालच्या माणसांना ओरडून सांगत होती, "फावडं हळू मारा रे बाप्पा, जीव हाये तिथी!" ती माणसंही बिचारी हाताने गाळ भरायला लागली.

मी निंबाच्या सावलीत उभी होते. बरोबर त्या जागी. आत जाऊन पाणी आणलं, चहा आणला, कोणी मागितला नव्हता तरी. पुन्हा येऊन तिथेच उभी राहिले. अठराव्या डोलात तिला एक गोल दगड लागला. तिने तो वर काढला, पदराने पुसला, उलटा-सुलटा केला. दगडच होता. तिने तो बाजूला ठेवला, टाकला नाही. ठेवला.

"ताई," मी म्हटलं, "हात धू."

"थांब वो, अजून बरंच हाये."

"तिथी नाई ते. हात धू. इथी हाये. माझ्या पायाखाली."

यारी चालू होती, त्यामुळे मला तेच पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं. मग सगळं सांगितलं. तिसरा दिवस, चार वेळा टाकलेली बादली, खुरपं, शेवाळ, बायको, पोस्टकार्डं. यारीवाल्याने मध्येच इंजिन बंद केलं. आमचे हे काठावरून उठून आले, ऐकत राहिले आणि अखेर म्हणाले, "म्हणजे त्या शंभर बादल्या मी उगीच ओढल्या?"

मला हसू फुटलं. भीतीने फुटतं ना, तसं. ताई हसली नाही.

तिने टाकीवर जाऊन हात धुतले, नखांतला गाळ काडीने काढला. मग आली आणि विचारलं, "किती दिवस जगलं असन?"

"दोन दिवसांत गेलं असन. मले खरंच माहीत नाई."

"पोहून राह्यलं होतं का?"

मी म्हणू शकत होते की नाही, लगेच गेलं. तोंडात आलंही होतं.

"पाय मारून राह्यलं होतं," मी म्हटलं. "मी टाळ्या वाजवल्या."

तिने खोचलेला पदर सोडला. घमेलं तिथेच सोडून रस्त्यावर गेली आणि धाडकडे जाणाऱ्या पहिल्या जीपमध्ये बसली.

अकरा दिवस फोन नाही. मधे तिचा निवृत्तीचा दिवस येऊन गेला. मी नऊ वेळा फोन लावला. अंगण दिवसातून तीनदा झाडलं. झाडाची पानं पडायच्या आधीच मी खाली झाडू घेऊन उभी, असं आमचे हे शेजाऱ्यांना सांगत. ते निंबाखालचं मला आधी सांगितलं असतं तर मी तिथे विटांचं कुंपण तरी केलं असतं, असंही ते एकदा म्हणाले. मग पुन्हा बादल्यांवर आले.

बाराव्या दिवशी, नळाच्याच वेळी, ती बोलली. नमस्कार नाही, वहिनी नाही.

"त्या दिवशी तुमचे डॉक्टर एका घरचं सांगत होते. गवत खाणारं, बारा वर्षांचं, ती माणसं फ्लॅटमध्ये चालली म्हणून देऊन राह्यली. ते गेलं का कोणाकडं?"

"नाई वाटते."

"घे."

"तुझ्यासाठी?"

"तुझ्याकडं. माझ्याकडं माती नाई. तुझं अंगण मोठं हाये आन तुले बसवतही नाई. कागद तुझ्या नावानं कर, सरकारात नोंद लागते ती कर. तुझ्यामागं मी पाहीन. माझ्यामागं कोण ते दोघी मिळून ठरवू." ती थांबली. "आन एक ऐक वहिनी. तू सांगशील ते मी मानणार नाई. दाखवशील तेवढंच मानीन."

म्हणून सदुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा कासव पाळलं. परातीएवढं आहे, पाठ मातकट, एकही चांदणी नाही. पाय खांबासारखे; आणल्याबरोबर आधी मी ते पाहिले. आमच्या तुळशीमागे त्याने खड्डा केला आहे आणि जास्वंदीची खालची सगळी फुलं देवाआधी खाल्ली आहेत. हिवाळ्यात घाटावर गारठा पडतो, तेव्हा त्याला आत घ्यावं लागेल. ह्यांनी आतापासूनच खोकं करायला घेतलं आहे. मापं रोज बदलतात.

सकाळी आठ वाजता ताईचा व्हिडिओ कॉल येतो. मी मोबाइल त्याच्यासमोर धरून उकिडवी बसते, गुडघे कुरकुरतात.

"हलून नाई राह्यलं," ती म्हणते.

"सकाळचं ऊन घेते ते. थांब."

"चालव."

मी जास्वंदीचं फूल पुढे धरते. ते विचार करतं. मी इकडून तिकडे होते, फूल नाचवते, चुटक्या वाजवते. टाळी मात्र वाजवत नाही. मलकापूरहून ती पाहत असते. कधी पाच मिनिटं जातात, कधी पंधरा. मग एक पाय पुढे येतो, मग दुसरा.

"हं," ती म्हणते. "पाणी ठेवलं का?"

"ठेवलं. परातीत."

"किती?"

"बोटभर."

"बोट घालून दाखव."

मी मोबाइल खाली नेते आणि परातीत बोट घालते. पाणी दुसऱ्या पेरापर्यंतही येत नाही. ती तरी म्हणते, तसंच धरून ठेव, सावली पडली, नीट दिसत नाई. मी धरून ठेवते.